स्त्रियांमधील जननमार्ग व मूत्रमार्ग संक्रामणे : विदर्भातील निदान व चिकित्सा यांचा इतिहास

योनिमार्ग, गर्भाशय ग्रीवा (गर्भाशयाचा योनिमार्गात उघडणारा अरुंद भाग), गर्भाशय व अंडवाहिन्या या जननेंद्रियांत, तसेच मूत्रमार्ग व मूत्राशय यांत सूक्ष्मजंतू, कवके (बुरशी) किंवा प्रजीव यांची वाढ होऊन उद्‌भवणाऱ्या विकारांना अनुक्रमे जननमार्ग संक्रामणे व मूत्रमार्ग संक्रामणे म्हणतात. स्त्रियांच्या आयुष्यात अत्यंत सर्वसामान्यपणे आढळणारे हे विकार आहेत. त्यांपैकी बहुतेक विकार औषधांनी अल्पावधीत बरे होतात. मात्र उपेक्षा झाल्यास दीर्घकालीन ओटीपोटदुखी, वंध्यत्व, अस्थानी गर्भधारणा, अकाली प्रसूती व वृक्कविकार (मूत्रपिंडाचे विकार) असे गंभीर परिणाम संभवतात. त्यांची कारणे एकोणिसाव्या शतकापासून क्रमाक्रमाने उलगडत गेली आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत परिणामकारक औषधेही हाती आली. तरीही या विकारांचे समाजातील खरे प्रमाण वैद्यकास फार उशिरा कळले. ते कळण्यास ज्या पाहणीमुळे मोठे साहाय्य झाले, ती नागपूरच्या आग्नेयेस असलेल्या गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांत झाली. या विकारांच्या इतिहासात विदर्भाला विशेष स्थान आहे ते या कारणाने.

लोकभाषेतील नावे : योनिमार्गातून होणाऱ्या स्रावास मराठीत ‘अंगावरून पांढरे जाणे’, ‘पांढरे पाणी जाणे’ किंवा ‘धुपणी’ असे म्हणतात, वैद्यकीय लेखनात ‘श्वेतप्रदर’ ही संज्ञा रूढ आहे. लघवीच्या वेळी होणाऱ्या जळजळीस व थेंबथेंब लघवी होण्यास ‘उन्हाळी लागणे’ म्हणतात. विदर्भात उन्हाळ्यातील कमाल तापमान अनेकदा ४५° से.च्या आसपास जाते. शरीरातील पाणी घटून लघवी गडद व कमी होण्याशी हे नाव जोडलेले आहे. धने-जिऱ्याचे पाणी, सब्जा, वाळ्याचे पाणी, गोखरूचा काढा हे त्यावरील घरगुती उपाय होत. त्यांमुळे पोटात पाणी अधिक जाते व सौम्य तक्रारीत काहीसा आराम पडतो; परंतु जंतूंमुळे झालेली उन्हाळी आणि केवळ पाणी कमी पडल्याने झालेली उन्हाळी यांत लोकव्यवहार भेद करीत नाही. श्वेतप्रदराविषयीही अशीच सरमिसळ आढळते. शरीरातील बल स्रावावाटे वाहून जाते, अंगातील ‘गरमी’ने तो होतो, बाईच्या जातीला तो असायचाच, अशा समजुती रूढ असून त्यांमुळे उपचार लांबणीवर पडतात. वास्तविक पाळीच्या मध्यावर, गर्भारपणात व कामोद्दीपनाच्या वेळी स्वच्छ, वासरहित स्राव होणे स्वाभाविक असते. स्रावाचा रंग, वास किंवा प्रमाण बदलल्यास, अथवा खाज, आग व वेदना जाणवू लागल्यास मात्र तो विकार समजावा.

प्राचीन वैद्यक : आयुर्वेदाच्या ग्रंथांत या विकारांचे वर्णन सविस्तर आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात व सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात वीस प्रकारच्या योनिव्यापदांची (योनिविकारांची) गणना केली आहे. त्यांत कफज प्रकारात खाज व बुळबुळीत स्राव ही लक्षणे दिली आहेत. गर्भिणीस होणाऱ्या पांढऱ्या स्रावाचा ‘उपप्लुता’ या नावाने स्वतंत्र उल्लेख आहे. चरकांनी ‘अचरणा’ या प्रकाराचे कारण योनीची स्वच्छता न राखणे हे सांगितले असून तेथे उत्पन्न झालेल्या जंतूंमुळे खाज सुटते असे म्हटले आहे. या जंतूंचा आधुनिक अर्थाच्या सूक्ष्मजंतूंशी थेट संबंध जोडणे युक्त होणार नाही. पण अस्वच्छता, जंतू व खाज यांची सांगड त्या काळी घातली गेली होती, हे लक्षणीय आहे. चिकित्सेत काढ्यांनी धावन (धुणे), औषधी तेलात भिजविलेला पिचू (कापसाचा बोळा) ठेवणे, वर्ती व उत्तरबस्ती यांचा अवलंब करीत. पोटात घेण्यासाठी तांदळाच्या धुवणाबरोबर पुष्यानुग चूर्ण देत. मूत्रविकारांचे विवेचन ‘मूत्रकृच्छ्र’ या प्रकरणात येते. चरकांनी त्याचे आठ प्रकार मानले आहेत.

ग्रंथांतील हे ज्ञान सामान्य स्त्रीपर्यंत पोहोचण्यात मोठी अडचण होती. वैद्य पुरुष असत आणि स्त्रीची योनिपरीक्षा त्यांच्याकडून होणे समाजास मान्य नव्हते. व्यवहारात हे क्षेत्र सुईणींकडे राहिले. त्यांचे कौशल्य प्रसूतीपुरते होते आणि ते अनुभवातून आलेले होते.

स्त्रीवैद्यांचा प्रश्न : पाश्चात्त्य वैद्यक भारतात आल्यावरही ही अडचण कायम राहिली. कल्याण येथे जन्मलेल्या आनंदीबाई जोशी (१८६५–८७) यांनी १८८३ मध्ये बंगालमधील श्रीरामपूर येथे केलेल्या भाषणात हिंदी स्त्रियांना स्त्रीडॉक्टरांची असलेली गरज हेच आपल्या परदेशगमनाचे प्रमुख कारण म्हणून मांडले. १८८६ मध्ये त्या पेनसिल्व्हेनियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून पदवीधर झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषय प्राचीन आर्यांचे प्रसूतिशास्त्र हा होता. कोल्हापूर येथील रुग्णालयाच्या स्त्रीविभागावर त्यांची नेमणूकही झाली. पण काम सुरू होण्यापूर्वीच क्षयाने त्यांचे निधन झाले. त्यानंतर रखमाबाई (१८६४–१९५५) यांनी लंडन येथे शिक्षण घेऊन १८९४ मध्ये एम्. डी. पदवी मिळविली व पुढे सुरत आणि राजकोट येथे दीर्घकाळ सेवा केली. दरम्यान १८८५ मध्ये व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी डफरिन यांच्या नावाने हिंदुस्थानातील स्त्रियांना वैद्यकीय मदत पुरविणारा निधी स्थापन झाला, तर मुंबईत १८८६ मध्ये कामा रुग्णालय सुरू झाले.

नागपूर १८६१ पासून मध्य प्रांताची राजधानी होते. तेथे डफरिन रुग्णालय निघाले. पुढे ते डागा स्मारक स्त्री रुग्णालय या नावाने प्रसिद्धीस आले. स्कॉटिश मिशनच्या म्यूर स्मारक रुग्णालयाचा प्रारंभही स्त्रियांच्या सेवेतूनच झाला. १९२१ मध्ये परिचर्या व प्रसूतिविद्येचे शिक्षण घेतलेल्या कमलाताई होस्पेट यांनी वेणूताई नेने यांच्या सहकार्याने नागपुरात ‘मातृसेवा संघ’ स्थापन केला. एका बालविधवेने उभ्या केलेल्या या संस्थेच्या शाखा विदर्भात अनेक ठिकाणी पसरल्या. १९४७ मध्ये नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्याने स्त्रीरोगविज्ञानाच्या उच्च शिक्षणाची सोय प्रांतातच झाली.

या संस्थांनी बाळंतपणातील मृत्यू टाळण्याचे मोठे कार्य केले. त्यांच्या कार्याचा केंद्रबिंदू मात्र साहजिकच प्रसूती हा होता. स्त्री रुग्णालयात येई ती गर्भिणी म्हणून. श्वेतप्रदर किंवा खाज एवढ्याच कारणासाठी घर सोडून, सोबत घेऊन, शहरात येणे खेड्यातील स्त्रीस शक्य नव्हते व कुटुंबालाही ते आवश्यक वाटत नव्हते. र. धों. कर्वे (१८८२–१९५३) यांनी १९२७ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या समाजस्वास्थ्य मासिकातून लैंगिक आरोग्य व गुप्तरोग यांविषयी मराठीत उघडपणे लिहिले. परंतु त्यांचा वाचक शिक्षित व मुख्यतः शहरी होता.

कारणांचा शोध : फ्रेंच वैद्य आल्फ्रेद दॉने यांनी १८३६ मध्ये योनिस्रावात सूक्ष्मदर्शकाने हालचाल करणारा एक प्रजीव पाहिला, तोच ट्रायकोमोनास व्हजायनॅलिस होय. योनिशोथाचा (योनिमार्गाच्या दाहयुक्त सुजेचा) कवकाशी असलेला संबंध १८४९ मध्ये इंग्लंडमध्ये वर्णिला गेला. आल्बेर्ट नायसर यांनी १८७९ मध्ये परम्याचा (गोनोऱ्हियाचा) गोलाणू शोधला, तर टेओडोर एशेरिख यांनी १८८५ मध्ये आतड्यातील त्या सूक्ष्मजंतूचे वर्णन केले, जो पुढे एश्चेरिकिया कोलाय (ई. कोलाय) या नावाने ओळखला गेला. मूत्रमार्गाची बहुसंख्य संक्रामणे याच जंतूमुळे होतात.

जर्मन स्त्रीरोगतज्ञ आल्बेर्ट डोडरलाइन यांनी १८९२ मध्ये दाखविलेली गोष्ट या सर्वांइतकीच महत्त्वाची ठरली. निरोगी योनिमार्ग जंतुरहित नसतो. तेथील दंडाकार सूक्ष्मजंतू दुग्धाम्ल निर्माण करतात व त्या अम्लतेमुळे रोगकारक जंतूंना अटकाव होतो. यावरून योनिमार्ग वारंवार साबणाने किंवा जंतुनाशकाने आतून धुणे हे उपकारक नसून अपायकारक आहे, असा निष्कर्ष निघतो. कारण अशा धुण्याने रक्षक जंतूच नाहीसे होतात.

अमेरिकेत हर्मन गार्डनर व चार्ल्स ड्यूक्स यांनी १९५५ मध्ये ‘अविशिष्ट’ म्हणून सोडून दिल्या जाणाऱ्या योनिशोथाचा संबंध एका विशिष्ट सूक्ष्मजंतूशी जोडला. गार्डनर यांच्यावरून त्या जंतूला १९८० मध्ये गार्डनरेला हे नाव मिळाले. हा विकार एकाच जंतूमुळे होत नसून दुग्धाम्लजनक जंतू घटून इतर अनेक जंतू एकदम वाढल्याने होतो, असे नंतर दिसून आले. १९८३ मध्ये त्याच्या निदानाचे चार सोपे निकष मांडले गेले : पातळ व एकसारखा स्राव, ४·५ पेक्षा अधिक पीएच मूल्य, क्षार मिसळताच येणारा माशासारखा वास आणि सूक्ष्मदर्शकाखाली जंतूंनी आच्छादलेल्या कोशिका. यांपैकी तीन आढळल्यास निदान पक्के मानतात. या तपासणीला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. सूक्ष्मदर्शक, निर्देशक कागद व प्रशिक्षित व्यक्ती एवढे पुरते.

औषधे : १९३५ मध्ये सल्फा औषधे व १९४०–५० या दशकात पेनिसिलीन वापरात आल्याने सूक्ष्मजंतुजन्य संक्रामणांची चिकित्सा पालटली. एलिझाबेथ हेझन व रेचेल ब्राउन या दोन अमेरिकन स्त्रीशास्त्रज्ञांनी १९५० मध्ये निस्टॅटीन हे कवकनाशक प्रतिजैव औषध शोधले. मूत्रमार्ग संक्रामणावरील नायट्रोफ्युरँटॉइन १९५३ पासून उपलब्ध झाले. ट्रायकोमोनासवर १९५९ मध्ये फ्रान्समध्ये मेट्रोनिडाझोल वापरण्यात आले. तोपर्यंत या रोगावर केवळ स्थानिक लेप व धावने होती. आता तोंडावाटे घेण्याच्या गोळ्यांनी तो समूळ बरा होऊ लागला. १९७०–८० या दशकात क्लोट्रिमाझोल या कवकनाशकाच्या योनिमार्गात ठेवावयाच्या गोळ्या प्रचारात आल्या.

ज्ञान व उपयोग यांतील अंतर : थोडक्यात, १९७५ च्या सुमारास सर्वसामान्य योनिशोथाच्या तिन्ही प्रमुख प्रकारांवर व मूत्राशयशोथावर स्वस्त औषधे भारतात मिळत होती. असे असूनही ग्रामीण आरोग्यसेवेत या विकारांना स्थान नव्हते. १९५२ मध्ये सुरू झालेल्या कुटुंबनियोजन कार्यक्रमाची उद्दिष्टे नसबंदी व गर्भनिरोधक साधने यांच्या संख्येत मोजली जात. प्राथमिक आरोग्य केंद्रातील परिचारिकेच्या नोंदवहीत गर्भिणी, प्रसूती, लसीकरण व कुटुंबनियोजन यांचे रकाने असत. श्वेतप्रदराचा रकाना नसे. केंद्रांतील डॉक्टर बहुधा पुरुष असत. १९६५ नंतर गर्भनिरोधक लूपचा प्रसार झाला, पण तो बसविण्यापूर्वी असलेल्या संक्रामणाची तपासणी सर्वत्र होत नसे. परिणामी स्त्रीचे शरीर आरोग्यव्यवस्थेच्या लेखी गर्भधारणा आणि तिचा प्रतिबंध एवढ्यापुरतेच उरले. रुग्णालयांतील आकडेवारीवरून या रोगांचा अंदाज बांधला जाई. परंतु ज्या स्त्रिया रुग्णालयात आल्याच नाहीत, त्यांच्याविषयी ती आकडेवारी काहीच सांगू शकत नव्हती.

गडचिरोलीची पाहणी : गडचिरोली जिल्हा चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन २६ ऑगस्ट १९८२ रोजी अस्तित्वात आला. जंगलव्याप्त व आदिवासीबहुल अशा या जिल्ह्यात धानाची शेती प्रमुख आहे. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले स्त्रीरोगतज्ञ डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग हे दांपत्य अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन परतले आणि ‘सोसायटी फॉर एज्युकेशन, ॲक्शन अँड रिसर्च इन कम्युनिटी हेल्थ’ (संक्षिप्त नाव ‘सर्च’) या संस्थेद्वारे येथे कार्य करू लागले.

त्यांनी वसा व अमिर्झा या दोन खेड्यांतील स्त्रियांची पाहणी केली. रुग्णालयात आलेल्या स्त्रियांऐवजी गावातील सर्व स्त्रिया, तक्रार असो वा नसो, या पाहणीचा विषय होत्या. या पद्धतीत प्रश्नावलीबरोबरच प्रत्यक्ष अंतर्गत तपासणी व प्रयोगशाळेतील चाचण्या यांचा समावेश होता. ग्रामीण समाजात अविवाहित मुली व वृद्ध स्त्रियांसह सर्वांची अशी तपासणी करणे अशक्य मानले जाई. गावाचा विश्वास, स्त्रीडॉक्टर व स्थानिक स्त्रियांचे साहाय्य यांमुळे ते शक्य झाले.

या पाहणीचे निष्कर्ष १९८९ च्या जानेवारीत लंडनच्या लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तपासलेल्या ६५० स्त्रियांपैकी ५५% स्त्रियांना स्त्रीरोगविषयक तक्रारी होत्या व ४५% स्त्रियांची काहीच तक्रार नव्हती. प्रत्यक्षात ९२% स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग अथवा लैंगिक रोग असल्याचे आढळले व दर स्त्रीमागे रोगांची सरासरी संख्या ३·६ एवढी निघाली. एकूण रुग्णतेपैकी निम्मा वाटा जननमार्गाच्या संक्रामणांचा होता. पूर्वी कधीतरी स्त्रीरोगविषयक तपासणी झालेल्या स्त्रियांचे प्रमाण मात्र अवघे ८% होते. स्त्रियांनी वापरावयाची गर्भनिरोधक साधने व हे रोग यांत संबंध दिसला, पण त्याने रुग्णतेचा अल्प भागच स्पष्ट होत होता. ग्रामीण भागात स्त्रीरोगांची चिकित्सा प्राथमिक आरोग्यसेवेचा भाग असावी, असा निष्कर्ष लेखकांनी काढला.

९२% व ८% हे दोन आकडे एकत्र वाचल्यावरच या पाहणीचे महत्त्व कळते. रोग सर्वत्र होता आणि तपासणी जवळजवळ कोठेच नव्हती. तक्रार न करणाऱ्या स्त्रियांतही रोग आढळल्याने ‘त्रास असता तर त्या आल्या असत्या’ हा आरोग्यव्यवस्थेचा समज चुकीचा ठरला. पुष्कळ स्त्रियांना आपल्या त्रासात सांगण्यासारखे काही आहे असेच वाटत नव्हते. आई, सासू, जावा यांना तेच होत असल्याने तो स्त्रीजन्माचा भाग मानला गेला होता. डॉ. राणी बंग यांनी स्त्रियांच्या या समजुती व त्यांचे शब्द पुढे कानोसा या मराठी ग्रंथात नोंदविले आहेत. ‘सर्च’ने गडचिरोलीजवळ वसविलेल्या ‘शोधग्राम’ येथे १९९३ मध्ये ‘माँ दंतेश्वरी’ रुग्णालय सुरू झाले. आदिवासी रुग्णाला परकेपणा वाटू नये यासाठी तेथे झोपड्यांच्या धर्तीवर वास्तू बांधण्यात आल्या.

नंतरचे अभ्यास : गडचिरोलीच्या पाहणीनंतर देशात अनेक ठिकाणी समाजाधारित अभ्यास झाले. मुंबईत ‘स्त्रीहितकारिणी’ या संस्थेने झोपडपट्टीतील स्त्रियांचा असाच अभ्यास केला. रोगाची व्याख्या, वापरलेल्या चाचण्या व सहभागी स्त्रियांचे प्रमाण यांनुसार आकड्यांत मोठे अंतर पडते, हेही या अभ्यासांवरून ध्यानात आले. त्यामुळे ९२% हा आकडा सर्व खेड्यांना जसाच्या तसा लावता येत नाही. गोव्यात २,४९४ स्त्रियांच्या पाहणीत (निष्कर्ष प्रसिद्ध २००६) जननमार्ग संक्रामणांचे प्रमाण २८·३% आढळले. त्यांत सूक्ष्मजंतुजन्य योनिविकार १७·८%, कवकजन्य ८·५% व लैंगिक संबंधातून पसरणारी संक्रामणे ४·२% होती. म्हणजे बहुतेक संक्रामणे योनिमार्गातील नैसर्गिक जंतुसमतोल बिघडल्याने होणारी होती. श्वेतप्रदर म्हणजे बदफैली वर्तनाचे फळ, या समजुतीला त्यामुळे आधार उरत नाही.

गोव्याच्या संशोधनातून आणखी एक बाब पुढे आली. श्वेतप्रदराची तक्रार करणाऱ्या अनेक स्त्रियांत संक्रामण नव्हते. मानसिक ताण, खिन्नता व कौटुंबिक क्लेश यांच्याशी त्या तक्रारीचा संबंध अधिक निकट होता. गडचिरोलीत तक्रारीवाचून रोग, तर गोव्यात रोगावाचून तक्रार दिसली. या दोन्ही निष्कर्षांत विरोध नाही. दोहोंचा इत्यर्थ एवढाच, की केवळ तक्रारीवरून निदान करता येत नाही. स्त्रीचे म्हणणे ऐकून घेणे व तिची तपासणी करणे ही दोन्ही आवश्यक आहेत.

शासकीय धोरण : १९९४ मध्ये कैरो येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या व विकास परिषदेने लोकसंख्यानियंत्रणाऐवजी प्रजननविषयक आरोग्य व हक्क यांवर भर दिला. भारत सरकारने कुटुंबनियोजनाची संख्यात्मक उद्दिष्टे १९९६ मध्ये रद्द केली व १५ ऑक्टोबर १९९७ रोजी प्रजनन व बाल आरोग्य कार्यक्रम सुरू केला. जननमार्ग संक्रामणांचा त्यात प्रथमच स्पष्टपणे समावेश झाला. पुढे प्रयोगशाळा नसलेल्या ठिकाणी लक्षणांच्या गटांवरून उपचार करण्याची पद्धत राष्ट्रीय कार्यक्रमात आली. या पद्धतीत औषधांचे रंगीत संच ठरविलेले असून योनिशोथासाठी हिरवा, गर्भाशय ग्रीवेच्या शोथासाठी करडा व ओटीपोटातील दुखण्यासाठी पिवळा संच देतात. या पद्धतीने उपचार गावाजवळ आले. परंतु श्वेतप्रदराच्या लक्षणावरून ग्रीवेच्या संक्रामणाचे निदान पुष्कळदा चुकते. त्यामुळे काही स्त्रियांना अनावश्यक प्रतिजैव औषधे मिळतात, तर लक्षणरहित रुग्ण सुटून जातात. किशोरवयीन मुलामुलींसाठी महाराष्ट्रात ‘मैत्री’ या नावाने सल्ला केंद्रे निघाली आहेत.

प्रमुख विकार व त्यांची चिकित्सा : (१) सूक्ष्मजंतुजन्य योनिविकारात करडा-पांढरा, पातळ व दुर्गंधीयुक्त स्राव होतो, खाज सहसा नसते. मेट्रोनिडाझोल सात दिवस देतात किंवा क्लिंडामायसीन वापरतात. हा विकार पुनःपुन्हा होतो. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील चाचणीत पतीवर वा जोडीदारावरही एकाच वेळी उपचार केल्यास पुनरुद्‌भव ६३% वरून ३५% वर येतो असे आढळले. (२) कवकजन्य योनिशोथात दह्याच्या कवडीसारखा स्राव, तीव्र खाज व आग ही लक्षणे असतात. गर्भारपण, मधुमेह व प्रतिजैव औषधांचा वापर यांमुळे तो बळावतो. क्लोट्रिमाझोलच्या गोळ्या योनिमार्गात ठेवतात किंवा फ्ल्युकोनाझोलची १५० मिग्रॅ.ची एक मात्रा देतात; गर्भिणीस मात्र तोंडावाटे फ्ल्युकोनाझोल देत नाहीत. वारंवार होणाऱ्या कवकसंक्रामणात रक्तशर्करा तपासावी. (३) ट्रायकोमोनासजन्य योनिशोथात पिवळा-हिरवा, फेसाळ स्राव होतो. हा लैंगिक संबंधातून पसरत असल्याने पती-पत्नी दोघांनाही एकाच वेळी मेट्रोनिडाझोल देणे अवश्य असते. एकट्या स्त्रीवर उपचार केल्यास रोग परततो. (४) परमा व क्लॅमिडिया यांमुळे ग्रीवेचा शोथ होतो. तो पुष्कळदा लक्षणरहित असून वर पसरल्यास अंडवाहिन्या बंद होऊन वंध्यत्व येते. ताप, ओटीपोटात तीव्र वेदना किंवा संबंधानंतर रक्तस्राव झाल्यास विलंब न लावता तज्ञाकडे जावे. रजोनिवृत्तीनंतरचा रक्तमिश्रित स्राव कर्करोगाचे लक्षण असू शकतो. तो केवळ संक्रामण समजून सोडू नये.

मूत्रमार्ग संक्रामण : स्त्रीचा मूत्रमार्ग सुमारे ४ सेंमी. एवढाच लांब असून तो गुदद्वाराच्या जवळ असतो. त्यामुळे आतड्यातील जंतू मूत्राशयापर्यंत सहज पोहोचतात. वारंवार लघवीची भावना, जळजळ, ओटीपोटात दुखणे व गढूळ किंवा रक्तमिश्रित लघवी ही मूत्राशयशोथाची लक्षणे होत. थंडी वाजून ताप, कुशीत वेदना व उलट्या ही संक्रामण वृक्कापर्यंत गेल्याची चिन्हे असून अशा रुग्णास तातडीने रुग्णालयात न्यावे. एडवर्ड कॅस यांनी १९५६ मध्ये दर मिलि. मूत्रात एक लाख जंतू ही निदानाची मर्यादा सुचविली. गर्भिणीत लक्षणे नसतानाही असे जंतू असल्यास वृक्कशोथाचा धोका वाढतो, हेही पुढे सिद्ध झाले. म्हणून गर्भारपणात मूत्रतपासणी आवश्यक मानतात. सौम्य मूत्राशयशोथात नायट्रोफ्युरँटॉइन पाच दिवस किंवा फॉस्फोमायसीनची एक मात्रा देतात. पूर्वी सर्रास वापरल्या जाणाऱ्या अनेक प्रतिजैव औषधांना ई. कोलाय जंतू भारतात मोठ्या प्रमाणावर प्रतिरोधक झाले आहेत. औषधाच्या दुकानातून परस्पर गोळ्या घेणे व मात्रा अर्धवट सोडणे ही त्याची प्रमुख कारणे आहेत.

प्रतिबंध : भरपूर पाणी पिणे, लघवी न तुंबविणे, संबंधानंतर लघवी करणे, शौचानंतर पुढून मागे धुणे, पाळीचे कापड साबणाने धुऊन उन्हात वाळविणे व योनिमार्ग आतून न धुणे, हे सामान्य नियम होत. यांपैकी काही नियम पाळणे केवळ स्त्रीच्या हाती नसते. धानाची रोवणी किंवा कापूसवेचणी करणाऱ्या मजूर स्त्रीस शेतावर आडोसा नसतो; लघवी लागू नये म्हणून ती भर उन्हातही पाणी कमी पिते. बाजार, बसस्थानक, शाळा व कार्यालये येथेही हीच स्थिती दिसते. पाळीचे कापड उघड्यावर वाळत घालण्याची लाज वाटत असल्याने ते अंधाऱ्या कोपऱ्यात दमट राहते. स्त्रियांना सार्वजनिक मुताऱ्या विनामूल्य व सुरक्षित मिळाव्यात यासाठी २०११ पासून मुंबईत ‘राइट टू पी’ ही चळवळ उभी राहिली. २०१४ मधील स्वच्छ भारत अभियानाने ग्रामीण घरांतून शौचालये बांधण्यास चालना दिली. २०१८ मध्ये महाराष्ट्र शासनाने ‘अस्मिता’ योजनेद्वारे अल्प दरात सॅनिटरी पॅड पुरविण्यास प्रारंभ केला. या सोयी आरोग्यसेवेच्या बाहेरच्या वाटल्या तरी संक्रामणांच्या प्रतिबंधात त्यांचा वाटा औषधांइतकाच मोठा आहे.

मूल्यमापन : या विकारांचा इतिहास दोन प्रवाहांचा आहे. एका प्रवाहात दॉने यांच्यापासून आजपर्यंत कारणे व औषधे यांचे ज्ञान वाढत गेले. दुसऱ्यात आनंदीबाईंच्या काळापासून स्त्रीला निःसंकोचपणे तपासून घेता येईल अशी सोय करण्याचे प्रयत्न झाले. पहिला प्रवाह वेगाने पुढे गेला, दुसरा मागे राहिला आणि गडचिरोलीच्या पाहणीने या दोहोंतील अंतर मोजून दाखविले. धोरणे बदलल्यानंतरही हे अंतर पूर्णपणे मिटलेले नाही. गावापासून जवळ, स्त्री कर्मचाऱ्याकडून, आडोशात व सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने होणारी साधी तपासणी ही आजही या रोगांवरील चिकित्सेची पहिली पायरी आहे.